धोटा आपोआप विणतो, मग पुतणी दोनपर्यंत का जागते?

घरच्या ग्रुपवर आमच्या मावसभावाने एक लांबलचक मेसेज टाकला: ‘एआय मार्क्सचं स्वप्न पूर्ण करणार! यंत्र राबेल, माणूस मोकळा. आता युनियन नको, संप नको.’ खाली अकरा अंगठे. त्यातला एक माझ्या पुतणीचा, म्हणून लिहायला बसलो.

पुतणी हिंदी मालिकांची मराठी सबटायटल्स करते. तिचा मिनिटाचा दर निम्म्यावर आलाय, कारण ‘भाषांतर मशीन करतं, तुम्ही फक्त तपासा’. परवा मशीनने ‘बहू के पाँव भारी हैं’चं ‘सुनेचे पाय जड आहेत’ केलं होतं; खरा अर्थ, सून गरोदर आहे. अशा ओळी शोधायच्या तर अख्खा एपिसोड बघावाच लागतो. पूर्वीएवढेच पैसे हवेत, तर दुप्पट एपिसोड. रात्रीचे दोन वाजतात.

मेसेज म्हणतो, ॲरिस्टॉटलने सांगून ठेवलं होतं की धोटे, म्हणजे मागावर आडवा धागा नेणारी साधनं, आपोआप विणू लागले तर धन्याला गुलाम लागणार नाहीत, आणि मार्क्सने तेच पुढे नेलं. अहो, नेलं कुठे? ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात (१८६७) यंत्रांवरच्या प्रकरणात ॲरिस्टॉटल आहे खरा, पण मार्क्सने तो आणलाय आपल्या काळातल्या अर्थपंडितांना टोमणा मारायला. त्या प्राचीन लोकांना बिचाऱ्यांना कळलंच नाही, म्हणतो, की कामाचा दिवस लांबवायचं सगळ्यात खात्रीचं साधन यंत्रच! कारणही देतो. महागाचं यंत्र जुनं ठरायच्या आत वसूल करायचं असतं, म्हणून मालक ते थांबू देत नाही. वाचलेला वेळ ज्याचं यंत्र त्याच्या खिशात जातो.

मुंबईला हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. एकाच कामगाराने दोन साच्यांच्या (मागांच्या) जागी तीन साचे चालवा, असं गिरण्यांत सुरू झालं आणि १९२८ साली गिरणगाव सुमारे सहा महिने संपावर होतं.

मेसेजमधला ‘एआयमागे माणूसच नाही’ हा तर निव्वळ थापेबाजीचा मुद्दा. चॅटजीपीटीला घाण ओळखायला शिकवण्यासाठी केनियातले कामगार तासाला दोन डॉलरहून कमी पैशांत किळसवाणा मजकूर वाचत होते, हे ‘टाइम’ने जानेवारी २०२३ मध्ये छापलंय.

‘सरकार घरबसल्या पैसे देईल’ यावर काय बोलायचं! देईल तेव्हा बघू.

एक मान्य करतो, जिवावर येऊन. यंत्रामुळे माणसाला मोकळा वेळ मिळू शकतो, असं मार्क्सने १८५७-५८च्या टिपणवह्यांत लिहिलंय. पण स्वातंत्र्यासाठी कामाचा दिवस कमी झाला पाहिजे, ही अटही त्याचीच, ‘भांडवल’च्या तिसऱ्या खंडातली. आणि तो आपोआप कमी होत नाही. मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली १८९० साली, कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे आणि कामगारांनी सभा घेऊन, अर्ज करून, वर्षानुवर्षं मागितल्यावर.

पुतणीचा हा रविवार दोन एपिसोड तपासण्यात गेला. अंगठा तिने न वाचताच दिला होता म्हणे, वेळ नव्हता.