स्वस्तात केबल घेण्याचे राजमार्ग

घरीच आरसीए केबल बनवायची म्हणताय? उत्तम. प्लेअर आणि अ‍ॅम्प्लिफायरमध्ये मीटरभर वायर जोडायची, त्यात काय एवढं, असं समजणाऱ्या भोळ्या जीवांसाठी बेळगावच्या बाजारात कमावलेलं ज्ञान फुकट वाटतोय.

केबल नेहमी जाडी बघून घ्यावी. वर निळी जाळी, टोकाला सोनेरी पिन. आत काय आहे ते बघू नये, दुकानदाराला वाईट वाटतं.

केबलवर बाण छापलेला असेल तर त्याचं तोंड अ‍ॅम्प्लिफायरकडेच ठेवावं. १००० हर्ट्‌झचा सूर तारेत सेकंदाला हजार वेळा पुढं-मागं होतो खरा, पण बाण बघून तोही वळणावर येत असेल.

इथं बेळगावात, टिळकवाडीत मिळते तीच वायर कोल्हापूरहून आणावी. आवाज गोड होतो.

तांबं आहे का, हे दुकानदारालाच विचारावं. ‘प्युअर कॉपर री सर!’ इतक्या आदरानं कोण खोटं बोलेल? परवा मी अशीच दोन कोअरची काळी शिल्ड वायर, म्हणजे आत दोन तारा आणि भोवती बाहेरची घरघर अडवणारी जाळी, मीटरवर घेतली. घरी ब्लेडनं टोक जरा खरवडलं, तर आत पांढरंफटक अ‍ॅल्युमिनियम, वर तांब्याचा नुसता मुलामा. त्यावर सोल्डरचा डाग बसतोय होय? अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साईडचा थर लगेच धरतो, साधं सोल्डर त्याला चिकटतच नाही. मणी होऊन घरंगळतं. कशीबशी पिन बसवली, तर एकदा वाकवताच तार मुळापाशी तुटली. शिल्ड म्हणावं तर टकलावर उरलेल्या केसांसारख्या चार तारा, फॉईलचा पत्ता नाही. दुसरा तुकडा जोडला, तर गाण्याआधी ५० हर्ट्‌झची घुंईऽऽ! परत द्यायला गेलो तर म्हणे, ‘कापलेली वायर परत घेत नाही.’ अरे, कापून तूच दिलीस ना? वर सल्ला, ‘घरचं अर्थिंग बघून घ्या सर.’

अ‍ॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या साधारण १.६ पट. मीटरभर तारेत त्यानं गाणं बिघडत नाही, हे मलाही कळतं. मग अ‍ॅल्युमिनियम म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या भावात विका की! तांब्याचे पैसे कशाला उकळता?

आणि तुम्ही! सोनेरी पिनेला पैसे मोजता आणि वायर कसली ते विचारत नाही. डिश टीव्हीची केबल, ती आरजी-६, घेऊन येता. तिची मधली तार बहुतेकदा तांबं चढवलेलं पोलाद असते, चुंबक लावला की कळतं. अस्सल तांब्याची, दाट जाळीची आरजी-५९ मागा, ती याच जातीची केबल. तिची धारिता (कपॅसिटन्स, म्हणजे वीज साठवून धरण्याची क्षमता) मीटरला साधारण ६७ पिकोफॅरड, प्लेअरला त्यानं काही होत नाही. नाहीतर गणपतीत साऊंड लावणाऱ्यांना विचारून चांगली माईक वायर घ्या. या माईक वायरची एक तार पिनच्या मधोमध, दुसरी बाहेरच्या कड्याला, आणि शिल्ड फक्त प्लेअरकडच्या टोकाला. एवढंच आहे ते. खिशात ब्लेड ठेवा आणि मीटर मोजायच्या आधी, काउंटरवरच टोक खरवडा. लाज कसली वाटते? पैसे तुमचे आहेत. बिलावर ‘कॉपर’ लिहून मागा, आणि लिहीत नाही म्हणाला तर वायर तिथंच टाकून चालू पडा.