भैरवनाथ, वय अज्ञान

आमच्या गावची यात्रा चैत्रात भरते, असं पंचांगवाले समजतात. यात्रा भरते ती परवानगीने, आणि परवानगीला तिथी नसते.

हे काम माझ्या गळ्यात पडलं ते मास्तरकीमुळे. ‘गुरुजी, तुमचं अक्षर टपोरं हाय,’ एवढ्या गुणावर मला यात्रेचा सचिव केलं. अक्षराचा उपयोग झाला. ठाण्यात ‘तहसीलची परवानगी आणा’ आणि तहसीलमध्ये ‘ठाण्याचा अभिप्राय आणा’ हे दोन्ही शेरे एकाच सुवाच्य अर्जावर मिळाले. ग्रामपंचायतीचा ठराव, पाळण्यांची तपासणी, तात्पुरतं मीटर, भेळवाल्यांचे सिलिंडर कुठे असतील त्याचा नकाशा, सगळं जोडलं. सिलिंडरच्या अटीला मात्र मी कधी हसलो नाही. २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीच्या यात्रेत नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर चेंगराचेंगरी झाली, दुकानं पेटली, सिलिंडर फुटले, सुमारे ३०० माणसं गेली. तेव्हापासून कुठल्या साहेबाने यात्रेसाठी एक कागद जास्त मागितला तर मी निमूट देतो.

घोळ कागदांचा नव्हताच. घोळ असा की यात्रा एक आणि कमिट्या दोन. देवस्थानचे जुने विश्वस्त एकेक करून देवाघरी गेले. मग वरच्या आळीने आपली नवी नावं ठरवली आणि खालच्या आळीने आपली. धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज ९० दिवसांच्या आत द्यावा लागतो. दोघांनीही तो वेळेत दिला आणि दोघेही वेळेत अडकले. आता अध्यक्षही दोन, शिक्केही दोन आणि सचिव तेवढा मी एकटा, कारण अक्षर दोघांनाही हवं होतं. सकाळी आप्पांच्या वतीने लिहायचं की समोरची कमिटी बोगस आहे, आणि संध्याकाळी तात्यांच्या वतीने तेच. नावांची तेवढी अदलाबदल करायची.

ठाण्यातले हवालदार म्हणाले, “गुरुजी, दोन अर्जांवर एक परवानगी देता येत नाही. दोघं मिळून एक अर्ज आणा.”

हे मी पारावर सांगितलं. तात्या उठून थेट तालुक्याच्या कोर्टात गेले.

वकिलांनी दावा लिहिला तो वाचून मी चष्मा पुसला. ‘वादी क्र. १ : श्री भैरवनाथ देव, वय अज्ञान, तर्फे अ.पा.क.’ अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, आणि ते तात्या. कायद्याने देव ही व्यक्ती आहे, तिला मालमत्ता ठेवता येते, दावा लावता येतो; पण आपलं हित तिला स्वतः पाहता येत नाही, म्हणून अज्ञान बालकासारखा पालनकर्ता लागतो. वेशीवर उभा राहून पिढ्यान्‌पिढ्या गाव राखणारा आमचा भैरोबा कोर्टाच्या पायरीवर तात्यांचं बोट धरून उभा. आप्पाही कच्चे नव्हते. दावा येणार हे ओळखून त्यांनी आधीच कॅव्हेट लावून ठेवली होती, तीही भैरवनाथाच्याच नावाने. म्हणजे देवाने कोर्टाला कळवलं होतं की माझ्याविरुद्ध मी काही मागितलं तर माझं ऐकल्याशिवाय मला देऊ नका.

मग आप्पांचे वकील उठले. असा दावा लावण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची लेखी परवानगी लागते, ती कुठे आहे? म्हणजे यात्रेची परवानगी मागायला दावा, आणि दावा लावायला परवानगी. त्यात पालखीला पहिला खांदा कुणाचा, हा खरा दुखरा मुद्दा. दिवाणी कोर्टात नुसत्या मानपानाचा दावा चालत नाही, हुद्द्याचा चालतो, असं कळल्यावर एका रात्रीत गावात वंशपरंपरागत हुद्दे उगवले. पहिला नारळ फोडणारे पाटील ‘नारळाधिकारी’ झाले. खांद्याला ‘पालखीस्कंधक’ हे पद मलाच सुचवावं लागलं. दोन्ही बाजूंनी ते वापरलं.

शेवटी हुकूम झाला : यात्रा थांबवू नये, तहसीलदारांच्या देखरेखीखाली व्हावी, आणि दोन्ही गटांनी मानपानाच्या बाबतीत हात आवरावा. खाली अटी होत्या. ध्वनिक्षेपक रात्री १० ला बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देता येते, पण जिल्ह्याच्या त्या यादीत आमचा भैरोबा बसला नव्हता. वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. आमचे सरपंच शेजाऱ्याला ‘चहा घेतला का’ विचारतात तेच मला त्याच्या वर वाटतं. तमाशाचे फडमालक कपाळाला हात लावून बसले. “गुरुजी, गण-गवळणीतच दहा वाजत्यात. वग काय खुणांनी करू?” वग दुपारी झाला. भर उन्हात राजा घोंगडं डोक्यावर घेऊन दरबारात आला.

बैलगाड्यांच्या शर्यतींचं मात्र कुणाला सांगावं लागलं नाही. सर्वोच्च न्यायालयाची २०१४ ची बंदी, १६ डिसेंबर २०२१ ची सशर्त परवानगी, मे २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींचा निकाल, हे गावात ज्यांना नातवंडांची नावं आठवत नाहीत त्यांनाही पाठ आहे. “सात वर्षं बैल दिल्लीत व्हता,” असं आमचे म्हातारे सांगतात.

उरली पालखी. वरची आळी हात बांधून उभी, खालची आळी हात बांधून उभी, ढोल वाजतोय आणि पालखी जागची हलेना. तहसीलदारांनी घड्याळ बघितलं आणि बंदोबस्ताच्या शिपायांना खूण केली. पट्टे आवळून चौघांनी पालखी उचलली. कदमताल इतका शिस्तीचा होता की छबिना वेळेआधीच देवळात पोचला.

यंदा दोन्ही अर्ज घेऊन मी ठाण्यात गेलो, तर हवालदारांनी खुर्ची दिली. “गुरुजी, पालखीला आम्ही किती वाजता यायचं? प्रथेप्रमाणे?”

मी जपून विचारलं, “कुठली प्रथा?”

“गेल्या वर्षीपासूनची. पहिला खांदा ठाण्याचा. पोरं तयारी करतायत, नवीन फेटेपण घेतले.”

हे पारावर सांगितल्यावर आप्पांनी तात्यांकडे बघितलं. किती वर्षांनी, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. रातोरात एक अर्ज तयार झाला, एका कागदावर दोन शिक्के, दोन सह्या, आणि मागणी एकच : पहिला खांदा गावाचाच असावा.

हवालदारांनी तो उभ्याउभ्या वाचला, आवक क्रमांक घातला आणि परवानगीचा कोरा फॉर्म पुढे ओढत म्हणाले, “गेल्या वर्षी दुसरं काय मागत होतो मी?”