तोडणाऱ्याला किंमत कळते, मग आपल्याला काहून नाही?

मार्च २००१ मधे तालिबाननं अफगाणिस्तानातले बामियानचे बुद्ध उडवले. डोंगरातच कोरलेल्या दोन मूर्त्या, एक ५५ मीटरच्या आसपास, दुसरी ३८ ची, चौदाशेच्या आसपास वर्षं उभ्या होत्या. लोकांना वाटते एका धमाक्यात गेल्या, पण तसं नाही भाऊ. आधी तोफा मारल्या, तरी पडेनात. मग तिथल्याच हजारा लोकांना बंदुकीच्या धाकानं दोरानं खाली लोंबकळत सोडलं, मूर्तीच्या अंगात भोकं पाडून त्यात सुरुंग भरायला लावले, कित्येक दिवस हेच काम. जे त्या मूर्त्या पाहत लहानाचे मोठे झाले त्यांच्याच हातानं! मला तर मूर्त्या गेल्याइतकंच याचं वाईट वाटते.

१९८१ मधे श्रीलंकेत जाफन्याची लायब्ररी जाळली, ९० हजारांच्या वर पुस्तकं आणि तमिळ ताडपत्रं गेली. पुस्तकानं कोणाचं काय बिघडवलं होतं? पण जाळणाऱ्यांना बरोबर माहीत असते, की माणसं मारली तर पोट्टे उद्या उभे राहतात, पण आपण कोण होतो हेच पुसून टाकलं तर कशाच्या जोरावर उभे राहतील.

आणि वाचवणारेही पाहा. आफ्रिकेतल्या माली देशात, टिंबक्टूत २०१२ मधे कट्टर लोकांचं अवलियांच्या कबरी कुदळीनं फोडणं चालू असताना तिथले साधे लोक जुन्या हस्तलिखितांच्या टिनाच्या पेट्या लपवून गाड्यांतून, होड्यांतून राजधानी बामाकोला नेत होते. कबरी फोडणाऱ्यांपैकी एकाला २०१६ मधे आंतरराष्ट्रीय फौजदारी कोर्टानं ९ वर्षांची शिक्षा दिली. सीरियातल्या पाल्मिराचे पुरातत्त्वज्ञ खालेद अल-असाद तर ऐंशी पार केलेले, सारं आयुष्य त्या अवशेषांत गेलं, पळाले नाहीत, २०१५ मधे इसिसनं त्यांना मारून टाकलं.

आता आपलं सांगा बरं. आमच्या गावच्या हेमाडपंती देवळाच्या खांबांवर जीर्णोद्धाराच्या नावानं ऑइल पेंट फासला, नर्तकीच्या बोटांमधली फट, पायातले घुंगरू, सगळं पेंटानं बुजलं, आणि गाभाऱ्यात टाइल्स. कोरीव दगड कोणाच्या गोठ्याच्या पायात गेले. वर चंद्रसूर्य, खाली लढणारा माणूस, असा एक वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारक-दगड, हापशीजवळ आडवा पडला आहे, त्यावर कपडे धुतात. कोणाच्या मनात द्वेष नाही हे मला मान्य आहे, पण त्या वीराचं नाक घासून गेलं ते गेलंच न.

येत्या ग्रामसभेत मी हा विषय मांडतो आहे. वीरगळ उचलून देवळाच्या ओट्यावर उभा करायचा, त्याला ट्रॅक्टर आणि चार माणसं पुरतात, पैसे लागत नाहीत. पेंट मात्र कोणी घासायचा नाही, ब्रश-ॲसिड तर अजिबात नाही, पुरातत्त्वच्या जाणकारालाच बोलवा. आणि ज्यांच्या घरी देवळाचे पेंट लावायच्या आधीचे फोटो असतील, लग्नाच्या अल्बममधे मागं दिसत असेल तरी चालते, त्यांनी मला पाठवा बाप्पा.