सातबारा म्हणजे पहाणी

बेळगावातल्या शहापूरच्या शाळेतल्या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर एकच चाललंय. गल्लीतल्या वाचनालयात प्रश्नांना उत्तरं देणारा संगणक बसवायचा ठरलाय, आणि वाद कशावर? पडदा उघडल्यावर आधी मराठी दिसावी की कन्नड. सीमावादाचा 1956 पासूनचा सगळा हिशेब निघाला, महाजन आयोग निघाला, 2004 चा सुप्रीम कोर्टातला दावाही निघाला. त्या यंत्राला उत्तरं येणार कुठून, हे एकानंही विचारलं नाही.

इथं कॅनडात, ओटावात, मी कॉलेजच्या ग्रंथालयात काउंटरला बसते. 'हॅलो, बोंजूर' म्हणते आणि समोरचा ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत पुढं जाते. संपलं. (पूल ओलांडून फ्रेंचभाषिक क्वेबेकातल्या गातिनोला गेलं की एवढं सोपं राहत नाही, पण ते काही मी ग्रुपवर लिहिलं नाही.)

एक्स्पर्ट सिस्टिम, म्हणजे जाणत्या माणसासारखी उत्तरं देणारा संगणक, ही गोष्ट नवी नाही. 1980 च्या दशकात लंडन विद्यापीठात 'प्लेक्सस' केली होती, बागकामाचे प्रश्न घेऊन येणाऱ्यांसाठी. असल्या यंत्राच्या पोटात असतात नियम: असं असेल तर तसं कर. ते जाणत्या माणसासमोर बसून, त्याला छळून काढावे लागतात.

आमच्याकडचा जाणता माणूस म्हणजे वाचनालयातले काका. कुणी 'सातबारा कसा काढायचा' म्हणालं की काका आधी विचारणार, जमीन कुठली? कर्नाटकातल्या खानापूरची असली तर त्याला पहाणी हवी, म्हणजे तिकडचा जमिनीचा उतारा; महाराष्ट्रातल्या चंदगडची असली तर खरोखरच सातबारा. जिल्ह्याची जुनी माहिती हवी असली तर मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा एकविसावा खंड, 1884 चा. आणि कपाटं! पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्युई पद्धतीच्या हिशेबानं मराठी साहित्य 891.46 ला, कन्नड 894.814 ला, मध्ये रशियन, तुर्की, हंगेरियन. काकांनी दोन्ही कपाटं शेजारी ठेवलीत, कारण सौंदत्तीच्या यल्लम्मावर लिहायला बसलेल्या पोरीला दोन्हीकडचं लागतं. हा नियम कुठल्या कंपनीला सुचणार?

गेल्या हिवाळ्यात संध्याकाळच्या पाळीतल्या पोरांसाठी मी असेच नियम लिहिले. दोनशेच्या वर झाले. ग्रुपवर हे सांगताना माझा सूर चढला असणार, कारण एक मैत्रीण म्हणाली, "तिथं बसून शिकवायलीस होय आम्हाला?"

झोंबलं. इथं कुणी गाव विचारलं तर मी 'गोव्याजवळ' म्हणते. बेळगाव म्हटलं की राज्य सांगावं लागतं. कर्नाटक म्हणताना जीभ अडखळते आणि महाराष्ट्र म्हणणं खोटं. दहावीपर्यंत कन्नड शिकले, पुण्याच्या हॉस्टेलात ते येतं हे लपवलं. आता वाचायला गेलं तर जोडाक्षराशी थांबते. पडद्यावर आधी मराठीच दिसावी, असं मलाही आतून वाटतं. हेही ग्रुपवर लिहिलं नाही.

रविवारी काकांना फोन लावला. म्हटलं, तुम्हीच बसून सगळं लिहून काढा ना.

"मला काय काय येतंय ते मला कसं कळणार गं? कुणी विचारलं की आठवतंय बघ. तू ये की. समोर बैस, विचार."

डिसेंबरात बघते म्हटलं. दरवर्षी म्हणते तसं.