आधी पोटोबा, मग माणसं? मास्लोच्या नावावर खपणारी एक गोष्ट

एक रंगीत त्रिकोण बराच काळ फॉरवर्ड होत फिरतोय. तळाशी अन्नपाणी, त्यावर सुरक्षितता, मग प्रेम आणि आपलेपणा, त्यावर मानसन्मान आणि टोकाला आत्मसिद्धी, म्हणजे आपल्यातलं सामर्थ्य पुरतं फुलवणं. सोबतचा मजकूर थोडाफार बदलतो, पण गाभा असा: 'अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अब्राहम मास्लो यांनी हा पिरॅमिड मांडला आणि सिद्ध केलं, की खालची गरज पूर्ण भागल्याशिवाय वरची जागीच होत नाही. आपले पूर्वज हेच सांगत होते, आधी पोटोबा मग विठोबा. उपाशी माणसाला एकटेपणा जाणवत नाही. एकटेपणा म्हणजे भरल्या पोटाचे चोचले.' बी.एड.च्या वर्गापासून कंपनीच्या ट्रेनिंगपर्यंत हा त्रिकोण सगळ्यांनी पाहिलेला असतो, म्हणून त्याच्या शेपटाला बांधलेलं शेवटचं वाक्यही बिनबोभाट खपून जातं.

'मास्लोंनी पिरॅमिड मांडला.' त्यांचा मूळ लेख १९४३ चा. त्यात पाच गरजा आहेत, त्यांचा क्रमही आहे, पण पिरॅमिड नाही. त्रिकोणाचा आकार पुढे व्यवस्थापनशास्त्राच्या लेखनातून आला. चार्ल्स मॅकडर्मिड या सल्लागार मानसशास्त्रज्ञाच्या १९६० च्या लेखात तो दिसतो, आणि त्या लेखाचा विषय होता पैशाने माणसं कामाला कशी लागतात. ज्या चित्राच्या जोरावर आपण माणसाच्या मनाबद्दल बोलतो, ते पगाराच्या चर्चेतून आलंय, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

'खालची गरज पूर्ण भागल्याशिवाय वरची जागी होत नाही.' हा गैरसमज होईल याची शंका खुद्द मास्लोंनाच आली होती. त्याच लेखात ते म्हणतात की सर्वसाधारण माणसाच्या सगळ्याच गरजा एकाच वेळी थोड्या भागलेल्या आणि थोड्या अपुऱ्या असतात. समजावून सांगायला त्यांनी आकडेही दिले: शारीरिक गरजा ८५ टक्के, सुरक्षितता ७०, प्रेम ५०, आत्मसन्मान ४०, आत्मसिद्धी १०. हे आकडे मनाने घेतलेत, हेही सांगून टाकलं. क्रम उलटलेली माणसं असतात, हेही त्यांनी नोंदवलं. त्रिकोण काढणाऱ्यांनी हा भाग बहुधा वाचलाच नसावा.

'सिद्ध केलं' हे तर सोडूनच द्या. तो लेख म्हणजे निरीक्षणांवर उभा केलेला एक अंदाज होता, प्रयोग नव्हता. १९७६ मध्ये वाहबा आणि ब्रिडवेल या संशोधकांनी तोवरचे अभ्यास तपासले, तेव्हा या क्रमाला फारसा आधार सापडला नाही.

आता मुख्य मुद्दा, उपाशी माणसाला आपलेपणा नको असतो हा. गंमत अशी की याला सर्वांत ठसठशीत उत्तर दिलं ते मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी, ज्यांच्या हाताखाली विस्कॉन्सिन विद्यापीठात मास्लोंनी पीएच.डी. केली होती. १९५० च्या दशकात हार्लोंनी माकडांच्या नवजात पिल्लांना आईपासून तोडून त्यांच्यासमोर दोन खोट्या आया ठेवल्या. एक नुसत्या तारेची, दुसरी मऊ कापड गुंडाळलेली. दुधाची बाटली तारेच्या आईला लावली, तरी पिल्लं दूध पिण्यापुरती तिच्याकडे जात आणि बाकीचा बहुतेक वेळ कापडाच्या आईला चिकटून बसत. (प्रयोग क्रूरच होता. आज त्याला परवानगी मिळणं कठीण.) माणसाच्या बाळांबद्दलची नोंद त्याहून जड आहे. १९४० च्या दशकात मनोविश्लेषक रेने स्पिट्झ यांनी एका अनाथालयातली बाळं पाहिली. अन्न होतं, स्वच्छता होती, पण आठ-दहा बाळांमागे एकच दाई, म्हणून उचलून घेणारं कुणी नव्हतं. दोन वर्षांत त्यांतली एक तृतीयांशाहून जास्त दगावली. त्यांनी तुलनेला घेतलेली, तुरुंगात आयांजवळ वाढणारी बाळं मात्र जगली. स्पिट्झ यांच्या पद्धतीवर पुढे रास्त आक्षेप आले, साथीच्या रोगाचाही वाटा होता. तरीही पोट भरलं की बाकीचं पुढे बघू, हा हिशेब तिथे जुळला नाही एवढं खरं.

फॉरवर्डच्या बाजूनेही एक पुरावा आहे, तो लपवायचं कारण नाही. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुण स्वयंसेवकांना सहा महिने जवळपास निम्म्या आहारावर ठेवलं. ते मित्रांपासून तुटत गेले, थट्टामस्करी संपली, पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागले. टोकाची भूक माणसाला आक्रसून टाकते, यात वाद नाही. पण अशी अवस्था रोजच्या समाजात क्वचित येते, हे मास्लोंनीच लिहिलंय. ओढाताणीचा संसार आणि दुष्काळातली उपासमार यांत फरक आहे.

राहिला पोटोबा-विठोबा. ही म्हण जेवायला बसताना ठीक आहे. पण ज्येष्ठात, पेरणीच्या ऐन धामधुमीत, दोन-चार एकरांचा शेतकरी घरचं कुणावर तरी सोपवून दिंडीबरोबर पंढरपूरला चालत निघतो. त्रिकोणाच्या हिशेबात त्याने कोठार भरेपर्यंत थांबायला हवं होतं. विठ्ठल हे कारण आहेच, पण ज्यांच्यासोबत दरवर्षी चालतो ती माणसंही आहेत.

आणि 'चोचले'? गरिबाकडे बँकेतली ठेव नसते, माणसं असतात. नांगरटीला सावड, अडीअडचणीला उसनवारी, बायकांची भिशी, बचत गट. भाकरी येते तीच या नात्यांतून. म्हणून तर गावकीला किंवा जातपंचायतीला माणूस मोडायचा असतो तेव्हा ती त्याचं घर जाळत बसत नाही, त्याला वाळीत टाकते. बोलायचं नाही, लग्नाला बोलवायचं नाही, मयताला जायचं नाही, दुकानात माल द्यायचा नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने (अंनिस) २०१३ पासून जातपंचायतींविरुद्ध मोहीम चालवली, २०१६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आणि २०१७ पासून तो लागू झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ज्यांच्यासाठी तो झाला ती काही भरल्या पोटी एकटेपणा मिरवणारी माणसं नव्हती.

२०११ मध्ये ताय आणि डीनर या मानसशास्त्रज्ञांनी १२३ देशांतल्या ६०,८६५ लोकांची माहिती तपासली. पोटापाण्याच्या गरजा बहुधा आधी भागतात, असं त्यांना दिसलं. तेवढ्यापुरता क्रम बरोबर. पण त्या पुरत्या भागलेल्या नसतानाही जवळच्या माणसांमुळे जगणं सुसह्य होतं, हेही दिसलं. तेव्हा त्रिकोण पाठवायचाच असेल तर पाठवा. फक्त मास्लोंचं नाव काढून तिथे १९६० लिहा, आणि 'चोचले' हे वाक्य वाळीत टाकलेल्या घरात वाचून दाखवायची तयारी ठेवा.