'सदृश' म्हणजे नेमकं काय ओ, साहेब?

आज सकाळी गल्लीत धुराची फवारणी. सोबतच्या साहेबांना सहज विचारलं, "साथ आलीय काय?" लगेच दटावलं, "साथ म्हणू नका, लोक घाबरतात. तुरळक रुग्ण आहेत, तेही डेंग्यूसदृश."

सात घरांत ताप. याला तुरळक म्हणायचं? ज्या गल्लीत एरवी कुणाला डेंग्यू होत नाही, तिथं चार जण पडले तरी साथच की!

गेल्या श्रावणात आई तापानं फणफणली. झटपट तपासणीच्या किटवर डेंग्यूची एनएस-१ चाचणी पॉझिटिव्ह. आमचे डॉक्टर म्हणाले डेंग्यू, सरकारी वहीत नोंद झाली 'संशयित'. कारण वहीला एलायझा, म्हणजे प्रयोगशाळेतली रक्ततपासणी लागते, किट चालत नाही. बरं, नियम आहे, किट चुकतंही, मान्य. पण शेजारच्यांनी काय ऐकलं? "संशयितच हाय न्हवं? मग बॅरल कशाला ओतायचा, पाणी दोन दिवसांनी येतंय." आठ दिवसांत त्यांचं बारकं पोरगं तापानं आडवं. त्याच बॅरलचा डास चावला की शाळेतला, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. पण तो बॅरल माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

हे फक्त सांगलीतच नाही म्हणा. कोरोनाची जागतिक आणीबाणी ३० जानेवारी २०२० लाच जाहीर झाली होती, पण जग खडबडून उठलं ११ मार्चला, 'महामारी' शब्द आल्यावर. मधल्या सहा आठवड्यांत विषाणू काय शब्दाची वाट बघत थांबला होता?

लिहिता लिहिता राग जरा निवळला, कारण आशाताई आठवल्या. आईच्या वेळी उन्हातनं आल्या, वहीत 'संशयित' लिहिलं आणि हळूच म्हणाल्या, "दादा, कागदाचं कागदावर राहू दे. बॅरल आजच ओता, आतनं घासून काढा. अंडी कडेला चिकटून बसत्यात, वाळली तरी मरत न्हाईत." त्या बाईला शब्दाचा अर्थ नीट कळला होता. शेजारच्यांकडेही गेल्या होत्या, पण तिथं त्यांचं कोण ऐकतंय.

धूर विरल्यावर शेजारच्या बॅरलात वाकून बघितलं. धुरानं उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही. वळवळत होत्या. अळीसदृश नव्हे, अळ्याच!

शेजारी फोन उचलत नाहीत. दार वाजवून बघतो.