‘आम्ही घोकूनच शिकलो’ या संदेशाला एका गणित शिक्षिकेचे उत्तर

ठाणे, कळवा आणि ऐरोली परिसरातील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. माझ्या वर्गाच्या पालकगटावर तो एकाच आठवड्यात तीन वेळा आला. त्यातील म्हणणे थोडक्यात असे: पूर्वीची पिढी पाढे घोकून आणि फळ्यावरचे उतरवून शिकली, तिचे काही बिघडले नाही, खेळ आणि कृतींतून शिकवण्यात वेळ जातो व पोर्शन मागे पडतो, हे सारे परदेशातून आलेले फॅड आहे, पन्नास-साठ मुलांच्या वर्गात ते जमत नाही आणि त्याचे साहित्य महाग असते, शिवाय दहावीला खेळ विचारत नाहीत. शेवटी ‘पालकांनो, शाळेला जाब विचारा’ असे आवाहन आहे. मी एकवीस वर्षे गणित आणि विज्ञान शिकवते आहे, आधी प्राथमिकला आणि आता पाचवी ते दहावीला. हा संदेश पुढे पाठवणारे पालक मुलांच्या काळजीपोटीच तो पाठवतात, हे मला माहीत आहे. म्हणूनच त्याचा एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

‘आम्ही घोकून शिकलो, आमचे काय बिघडले?’ हा मुद्दा पटकन पटतो, कारण त्यात अर्धे सत्य आहे. पाढे पाठच हवेत. सात आठे छप्पन्न हे ज्याला चटकन आठवत नाही, त्याचे सारे लक्ष भागाकार करताना पाढ्यातच अडकून राहते. माझ्या वर्गात आजही रोज पाढे म्हटले जातात आणि ते बंद करण्याचा माझा विचार नाही. परंतु ज्या पिढीने पावकी, निमकी, दिडकी आणि औटकी, म्हणजे पाव, अर्धा, दीड आणि साडेतीन यांचे पाढे, पाठ केले, तिच्या घरात तांदूळ मापायला चिपटे, मापटे, शेर आणि पायली होती. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली हे त्या मुलांनी आईच्या शेजारी बसून, धान्यात हात घालून पाहिलेले होते. शाळेतल्या घोकण्याला घरातल्या मापांचा आधार होता, तो आज आपल्या आठवणीतून निसटला आहे. घोडबंदर रोडच्या इमारतीत वाढणाऱ्या मुलाच्या घरी तांदूळ पाच किलोच्या पिशवीत येतो, दूध अर्ध्या लिटरच्या पिशवीत येते आणि वाण्याचे पैसे मोबाइलवरून जातात. पाव, अर्धा, पाऊण हे शब्द त्याने ऐकले आहेत. हाताला ते कधी लागलेले नाहीत. हा अनुभव शाळेने दिला नाही, तर त्याला तो कोठून मिळणार?

मागच्या वर्षी सहावीतल्या एका मुलाने वहीत १/२ + १/३ = २/५ असे लिहिले. नियम त्याला तीनदा सांगून झाला होता आणि त्याने तो पाठही केला होता. पण वरचे वर आणि खालचे खाली मिळवायचे, ही त्याची मूळ समजूत नियमाच्या खाली तशीच जिवंत होती. मी त्याला सारख्या लांबीच्या तीन कागदी पट्ट्या दिल्या. पहिलीची घडी घालून त्याने अर्धा भाग रंगवला, दुसरीचा एक तृतीयांश रंगवला, आणि तिसरीचे पाच भाग पाडून त्यातले दोन रंगवले. मग तिसरी पट्टी पहिलीखाली धरून तो बराच वेळ नुसता पाहत राहिला. ‘बाई, हे तर अर्ध्यापेक्षाही कमी झालं! मिळवल्यावर कमी कसं होईल?’ तो म्हणाला. त्यानंतर त्या पट्ट्यांचे सहा-सहा भाग पाडायला त्याला मी सांगावे लागले नाही. तीन षष्ठांश आणि दोन षष्ठांश मिळून पाच षष्ठांश हे उत्तर त्याने पट्टीवर मोजले, वहीत लिहिले, आणि मग त्याच रीतीने बारा उदाहरणे सोडवली. ती बारा उदाहरणे सोडवणे हाही त्याच कृतीचा भाग आहे, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

प्राथमिकला मराठीतून संख्या शिकवताना तर काड्यांच्या जुडीशिवाय माझे पानही हलत नसे. दुसरीतली मुले ‘एकोणपन्नास’ ऐकून ५९ लिहितात, कारण कानावर ‘पन्नास’ पडलेले असते. दहा-दहा काड्यांच्या पाच जुड्या समोर ठेवून ‘पन्नासाला एक ऊन, म्हणजे कमी, करा’ म्हटले, की एक काडी काढण्यासाठी एका जुडीचे रबर सोडावेच लागते, आणि मग समोर उरतात चार जुड्या आणि नऊ सुट्या काड्या. एकोणतीस, एकोणसाठ, एकोणसत्तर हे सगळे शब्द त्या एका सोडलेल्या रबराने उलगडतात.

आता वेळेविषयी. पट्ट्यांच्या या पाठाला पस्तीस मिनिटांच्या दोन तासिका लागल्या, हे खरे आहे, आणि फळ्यावर नियम लिहून देणे दहा मिनिटांचे काम होते, हेही खरे आहे. पण तोच अपूर्णांक सातवीत पुन्हा, आठवीत बीजगणितात शिरताना पुन्हा आणि नववीत पुन्हा शिकवण्यात जाणाऱ्या तासिका संदेश लिहिणाऱ्याने मोजलेल्या नाहीत. लहान वयात तर लागणारा वेळही फार नसतो. रॉबर्ट सिगलर आणि गीता रमाणी या अमेरिकेतील संशोधकांनी २००८ मध्ये गरीब घरांतील बालवाडीच्या वयाच्या मुलांना एका ओळीत १ ते १० अंक लिहिलेल्या पटावर, दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठकांत खेळू दिले. तेवढ्यावर त्यांची संख्यांची जाण सुधारली आणि नऊ आठवड्यांनंतरही ती टिकून होती; अंकांऐवजी नुसते रंग असलेल्या पटावर खेळलेल्या मुलांत हा फरक पडला नाही. खेळ दोघांनीही खेळला होता. फरक पडला तो खेळात गणित नेमके कोठे ठेवले होते, यामुळे.

येथे मी संदेश लिहिणाऱ्याची एक तक्रार मान्य करते. स्टेशनजवळच्या दुकानातून तयार प्रकल्प विकत आणायचा, आईने रात्री जागून त्यावर नाव चिकटवायचे आणि मुलाने तो सकाळी वर्गात ठेवायचा, याला कृतियुक्त शिक्षण म्हणता येत नाही. मुलांसमोर साहित्य ठेवून ‘तुमचे तुम्ही शोधा’ म्हणत शिक्षकाने बाजूला होणे, हेही चुकीचेच. २०११ मध्ये १६४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात हेच दिसले: मुलांना एकटे सोडून दिलेल्या शोधापेक्षा सरळ शिकवणे बरे ठरते, आणि शिक्षकाने योग्य जागी प्रश्न विचारत, अडले तेथे हात देत करवून घेतलेला शोध इतर पद्धतींपेक्षा सरस ठरतो. त्याचप्रमाणे, ‘वाचलेले दहा टक्के लक्षात राहते आणि केलेले नव्वद टक्के’ हा आकडा आमच्या बाजूचे लोक भिंतीवर लावतात, तो मी वापरणार नाही. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या १९४६ च्या ज्या आकृतीच्या नावावर तो खपवला जातो, तिच्यात टक्केवारी मुळात नव्हतीच. चांगल्या गोष्टीच्या समर्थनासाठी खोटा आकडा चालवून घेतला, तर असे संदेश लिहिणाऱ्यांना आपणच आयते हत्यार देतो.

‘परदेशी फॅड’ हा शब्द मला सर्वांत जास्त लागला, आणि तो ठाण्यात वाचावा लागला याचे अधिक वाईट वाटले. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक गुजरातमधील भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात काम करून आल्या आणि १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले; १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ यांनी ते पुढे आयुष्यभर चालवले. बोर्डी आणि कोसबाड ही दोन्ही गावे आज पालघर जिल्ह्यात आहेत, पण तो जिल्हा झाला २०१४ मध्ये; ताराबाई आणि अनुताईंच्या काळी तो ठाणे जिल्हाच होता. इटलीच्या मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीची महाग साधने तेथे परवडणारी नव्हती, म्हणून या बायकांनी शिंपले, बिया, पाने आणि खडे हे साहित्य केले. वारली मुले गुरांमागे जात म्हणून शाळेत येत नव्हती, तर शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. मूळ विचार रोममधून आला असेल, पण कोसबाडला तो मातीत रुजवला गेला, आणि ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले ते याच कामासाठी. कायद्याचे म्हणाल, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे २९ वे कलम कृती, शोध आणि अन्वेषणातून शिकण्याविषयी स्पष्टपणे बोलते.

मोठा वर्ग आणि महाग साहित्य या मुद्द्यावर फार लिहिण्याची गरज नाही. त्याच कायद्यात प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. वर्गात साठ मुले बसत असतील, तर जाब त्या साठांचा विचारायला हवा. तोपर्यंत सहा-सहांचे गट करावे लागतात, गोंगाट होतो, आणि माझा घसा संध्याकाळी बसलेला असतो, हे मी नाकारत नाही. साहित्याचे म्हणाल, तर चिंचोके, रिकाम्या काड्यापेट्या आणि जुन्या कॅलेंडरचे कागद यांवर माझे वर्ष निघते. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत काम केलेल्या अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून किती भूमिती उभी केली, हे महाराष्ट्रातल्या अनेक शिक्षकांनी पाहिले आहे. खऱ्यासारख्या दिसणाऱ्या नोटा-नाणी वापरून पैशांची उदाहरणे सोडवताना मुले अधिक चुकतात, असे २००९ च्या एका अभ्यासात आढळले. म्हणजे चकचकीत साहित्य कधीकधी अडथळाही ठरते.

राहिली दहावी. मराठी आणि इतर भाषांच्या प्रश्नपत्रिकेला मंडळ स्वतःच ‘कृतिपत्रिका’ म्हणते. गणितात चाळीस-चाळीस गुणांच्या दोन लेखी परीक्षा आणि वीस गुणांचे अंतर्गत मूल्यमापन असते, तर विज्ञानात वीस गुण प्रात्यक्षिकाचे असतात. पण मला गुणांपेक्षा उन्नत कोनाविषयी, म्हणजे वर पाहताना नजर आडव्या रेषेशी करते त्या कोनाविषयी, बोलायचे आहे. कोनमापकाला स्ट्रॉ आणि ओळंबा बांधून दहावीच्या मुलांनी शाळेच्या ध्वजस्तंभाची उंची काढली. आठ मीटर अंतरावरून कोन आला ४५ अंश, म्हणून उत्तर आठ मीटर. मग झेंड्याची दोरी वरपर्यंत चढवून, खाली घेऊन मोजली, तर ती साडेनऊ मीटरच्या जवळपास भरली. दीड मीटर कोठे गेला, यावर पाच मिनिटे वाद झाला. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्गात क्वचितच बोलते, कोनमापक डोळ्याला लावून उभी राहिली, दुसऱ्या हाताने तिने डोळ्यापासून जमिनीपर्यंतचे अंतर दाखवले आणि म्हणाली, ‘हा राहिला.’ निरीक्षकाची उंची दिलेली असली, की ती मिळवायची, हे त्या वर्गातला एकही विद्यार्थी सराव परीक्षेत विसरला नाही.

संदेशातील शेवटचे वाक्य मात्र मला मान्य आहे. शाळेला जरूर विचारा. पालकसभेत मुलाची वही हातात घेऊन विचारा, की या महिन्यात मुलांनी स्वतः काय मोजले, कापले किंवा जोडले; त्यानंतर त्यांनी स्वतःच्या शब्दांत काय लिहिले; आणि त्यावर किती उदाहरणे सोडवली. तिन्हींपैकी एकाचे जरी उत्तर मिळाले नाही, तरी मला किंवा माझ्यासारख्या कोणाही शिक्षकाला तेथेच थांबवून पुन्हा विचारा.